लावलेली झाडे आणि जमिनीचा कस

विजयादशमीच्या सायंकाळी ग्वाल्हेरात मांढरे की माता या देवळापाशी शिंदे घराण्याकडून शमीपूजनाचा सोहळा होतो, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. पूजा आटोपताच लोक शमीची पाने लुटतात आणि सोने म्हणून जवळ बाळगतात. महाराष्ट्रात हा मान बहुधा आपट्याच्या पानांस मिळतो. आपल्या नगरात मात्र शमीची परंपरा टिकून राहिली आहे. पानास सोने का म्हणावे, याच्या पौराणिक कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु कथा क्षणभर बाजूस ठेवून शेतकऱ्याच्या दृष्टीने या झाडाकडे पाहिले, तर एक निराळाच प्रश्न उभा राहतो. राजस्थानातील शेतकरी पिढ्यानुपिढ्या शेताच्या मधोमध शमीची झाडे राखतो आणि त्यांच्या सावलीत बाजरी पेरतो. तेथे या झाडास खेजडी म्हणतात. झाड पिकाचे पाणी व ऊन हिरावून घेते, असे आपण शिकतो. मग हा अनुभवी शेतकरी ते तोडून का टाकत नाही? त्या पानांत खरोखरच काही सोने आहे काय?

या प्रश्नाचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत. वृक्षारोपणाचे महत्त्व सांगणारी भाषणे आपण दरवर्षी ऐकतो. 'झाड लावा म्हणजे जमीन सुधारेल' हे वाक्य त्यांत हमखास असते. आमच्या मते हे वाक्य अर्धेच खरे आहे. झाड जमीन सुधारू शकते. परंतु कोणते झाड, किती अंतरावर, कोणत्या मातीत, आणि त्याच्या पानांचे पुढे काय होते, या चार गोष्टींवर ते सारे अवलंबून असते. ग्वाल्हेरच्या परिसरात तर हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. आपल्या उत्तरेस व ईशान्येस मुरैना आणि भिंड जिल्ह्यांत चंबळेच्या व तिच्या शेजारच्या नद्यांच्या काठी चांगली शेते घळींच्या पोटात जात आहेत. ती वाचवावयाची तर झाडाकडून काय अपेक्षा करावी आणि काय करू नये, हे नेमके कळले पाहिजे.

आपला प्रदेश

प्रथम आपल्या भूमीचे स्वरूप ध्यानात घेऊ. ग्वाल्हेरच्या आसपास वर्षास सरासरी सुमारे ८०० ते ९०० मिलिमीटर पाऊस पडतो. हा आकडा लहान नव्हे. परंतु त्याचा बहुतेक भाग जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत कोसळतो आणि उरलेले आठ-नऊ महिने जवळजवळ कोरडे जातात. मे-जून महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो. अशा हवामानात सर्वत्र घनदाट अरण्य वाढत नाही. गवत, आणि त्यांत अंतराअंतरावर उभी असलेली काटेरी किंवा पानझडी झाडे, असे दृश्य पुष्कळ ठिकाणी दिसते. आपल्या नैर्ऋत्येस श्योपूर जिल्ह्यातील कुनोचे अरण्य याचा उत्तम नमुना आहे. तेथे करधई, खैर, सालई, पळस व बोर ही झाडे आहेत आणि त्यांच्यामध्ये गवताची विस्तीर्ण मैदाने आहेत. १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आणलेले चित्ते येथेच सोडण्यात आले. कारण धावून शिकार करणाऱ्या या प्राण्यास मोकळे गवताळ रान लागते.

विरळ झाडांच्या अशा गवताळ प्रदेशास भूगोलात सवाना म्हणतात. आफ्रिकेतील सवानाचे वर्णन आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. परंतु आपला माळही त्याच कुळातला आहे, याकडे आपले लक्ष जात नाही. माळ म्हणजे ओसाड झालेले जंगल, अशी एक समजूत रूढ आहे. ती सर्वत्र खरी नाही. पश्चिम महाराष्ट्राविषयी २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासण्यात आले, आणि त्यांतील बहुसंख्य वनस्पती मोकळ्या माळावर वाढणाऱ्या निघाल्या. अर्थात तेथील माळ शेकडो वर्षांपूर्वीही माळच होता. यावरून घ्यावयाचा बोध असा की, कोरड्या प्रदेशात झाडांमधील मोकळी जागा ही उणीव नसून निसर्गाची एक व्यवस्था आहे.

शेतात झाडे आणि पीक एकत्र वाढविण्याच्या पद्धतीस वनशेती म्हणतात. माळाच्या प्रदेशातील वनशेती ही निसर्गाच्या याच व्यवस्थेचे अनुकरण करते. गवताच्या जागी बाजरी, मोहरी, हरभरा किंवा गहू येतो आणि झाडे अंतर राखून उभी राहतात. या विषयाच्या संशोधनासाठी १९८८ साली आपल्याजवळच, झाशी येथे, एक राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले, आणि २०१४ साली भारताने वनशेतीचे राष्ट्रीय धोरण स्वीकारले.

मातीची जमा

मातीचा कस म्हणजे काय? माती म्हणजे केवळ खडकाचा भुगा नव्हे. तिच्यात खनिज कण असतात, हवा असते, पाणी असते, असंख्य जीवाणू व कृमी असतात, आणि कुजलेल्या पानामुळांचा अंश असतो. या शेवटच्या अंशास सेंद्रिय द्रव्य म्हणतात. प्रमाणाने ते अगदी थोडे असते, परंतु मातीचे कण एकत्र बांधणे, पाणी धरून ठेवणे आणि पिकास अन्न पुरविणे ही कामे मुख्यत्वे तेच करते. आपल्याकडील मृदापरीक्षणात सेंद्रिय कर्बाचे प्रमाण शेकडा ०·५० हून कमी असल्यास माती हलकी, ०·५० ते ०·७५ असल्यास मध्यम आणि त्याहून अधिक असल्यास चांगली समजतात.

झाडाचा जमिनीवरील परिणाम समजून घेण्यास सावकाराच्या वहीची उपमा उपयोगी पडेल. वहीत जमेची बाजू असते आणि खर्चाची बाजू असते. प्रथम जमा पाहू. झाडाखालच्या मातीत जी भर पडते ती तीन ठिकाणांहून येते.

पहिले ठिकाण म्हणजे हवा. पाने हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू घेऊन त्याचे अन्न करतात. पान गळून कुजले, मूळ मरून कुजले, की त्यातील काही कर्ब मातीत राहतो. याशिवाय हवेत शेकडा ७८ भाग नायट्रोजन असूनही तो वनस्पतींस जसाच्या तसा घेता येत नाही. शेंगवर्गातील अनेक झाडांच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नायट्रोजन बांधून झाडास देतात. बाभूळ, शमी, सुबाभूळ ही अशी झाडे होत. येथे एक गमतीची गोष्ट सांगण्यासारखी आहे. आपटा आणि चिंच हीही शेंगवर्गातीलच झाडे. परंतु त्यांच्या मुळांवर अशा गाठी येत नाहीत. दसऱ्याच्या दोन 'सोन्यां'पैकी शमी जमिनीस हवेतून नायट्रोजन मिळवून देते, आपटा देत नाही. तेव्हा शेंग दिसली की झाड खत देणारच, असे समजू नये.

दुसरे ठिकाण म्हणजे खोल जमीन. बाजरीची किंवा मोहरीची मुळे वरच्या थरांत पसरतात. पावसाबरोबर जी द्रव्ये त्याखाली झिरपून जातात, ती पिकास कायमची अंतरतात. शमीचे सोटमूळ वीस मीटरांहूनही खोल जाऊ शकते. ते खोलवरची पोटॅश, कॅल्शियम आदी द्रव्ये वर आणते, आणि पानगळीच्या रूपाने ती पुन्हा पृष्ठभागावर पडतात. विहिरीतून मोटेने पाणी काढावे, तशीच ही क्रिया आहे.

तिसरे ठिकाण म्हणजे भोवतालचे रान. वाऱ्याबरोबर उडणारी धूळ झाडास अडते. पक्षी फांद्यांवर बसतात, गुरे व शेळ्या दुपारी सावलीत विसावतात, आणि त्यांची विष्ठा, शेण व लेंड्या झाडाखाली पडतात. यामुळेही झाडाखालची माती सुपीक होते. परंतु ही जमा पहिल्या दोहोंसारखी नव्हे. येथे नवीन काही निर्माण झालेले नाही; शेजारच्या रानातील कस उचलून झाडाखाली आणला गेला, इतकेच. एका खिशातील पैसा दुसऱ्या खिशात ठेवल्याने मनुष्य श्रीमंत होत नाही.

हा भेद फॉस्फरसच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. नायट्रोजनाप्रमाणे फॉस्फरस हवेतून बांधून आणता येत नाही. कोणतेही झाड तो निर्माण करू शकत नाही. ते फार तर खालचा वर किंवा बाजूचा जवळ आणते. म्हणून ज्या जमिनीत फॉस्फरस मुळातच कमी आहे, तेथे केवळ झाडे लावून ती उणीव भरून निघणार नाही.

द्रव्यांच्या या जमेशिवाय झाड मातीची राहणी सुधारते, ती गोष्ट वेगळी. सावलीमुळे माती कमी तापते. केनियातील त्सावो भागाच्या सवानात झालेल्या आणि १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका सुप्रसिद्ध अभ्यासात असे आढळले की, एकाकी झाडांखालच्या मातीचे तापमान उघड्या जागेपेक्षा कित्येक अंशांनी कमी होते, तिच्यात नायट्रोजन व सेंद्रिय द्रव्य अधिक होते आणि पाणीही अधिक वेगाने मुरत होते. मृत मुळांच्या पोकळ्या आणि वाळवी-गांडुळांची बिळे हे त्या पाण्याचे मार्ग होत.

घाई नको

झाड लावल्यापासून जमीन सुधारण्यास किती काळ लागावा? याचा अंदाज गणितानेच करून पाहू. समजा, एका झाडाच्या विस्ताराखाली ५० चौरस मीटर जमीन आहे. तिचा वरचा १५ सेंटिमीटरांचा थर घेतला तर ७·५ घनमीटर माती होते. एका घनमीटरास दीड टन धरल्यास तिचे वजन ११,२५० किलोग्रॅम भरते. या मातीतील सेंद्रिय कर्ब शेकडा ०·३० वरून ०·५० वर न्यावयाचा आहे. म्हणजे शेकडा ०·२० ची, अर्थात २२·५ किलोग्रॅम कर्बाची भर हवी. आता समजा, झाड वर्षास २० किलोग्रॅम वाळलेली पाने ढाळते. त्यांत सुमारे निम्मा, म्हणजे १० किलोग्रॅम कर्ब असतो. परंतु पाने कुजविताना जीवाणू त्यातील मोठा भाग श्वासावाटे पुन्हा हवेत सोडतात. पाचवा हिस्सा मातीत टिकला असे धरले, तर वर्षास २ किलोग्रॅम उरतात. या हिशेबाने ११ वर्षांहून अधिक काळ लागेल. आणि रोपटे मोठे होऊन इतकी पाने ढाळू लागेपर्यंतची वर्षे निराळी.

हे आकडे आम्ही केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. मुळांपासून मिळणारा कर्ब यांत धरलेला नाही, आणि मातीत आधीच असलेला कर्ब दरवर्षी थोडा थोडा जळून जातो, तोही वजा केलेला नाही. तथापि मुख्य गोष्ट यावरून स्पष्ट होते. वृक्षारोपणाच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जमीन सुधारल्याचे जो सांगतो, त्याच्या बोलण्यावर एकदम विश्वास ठेवू नये. तसेच या गणितातील २० किलोग्रॅम पाने जर कोणी झाडून नेऊन जाळली, तर ११ वर्षेच काय, शंभर वर्षांतही त्या पानांचा कर्ब मातीत दिसणार नाही. झाड उभे राहील, सावली पडेल, पण वहीत जमा होणार नाही.

मातीचा खर्च

आता खर्चाची बाजू पाहू. पहिला खर्च पाण्याचा. १९८० च्या दशकात हैदराबादजवळील पाटणचेरू येथे, कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत, सुबाभळीच्या ओळी लावून त्यांच्यामधील पट्ट्यांत पिके घेण्याचे प्रयोग झाले. सुबाभूळ नायट्रोजन बांधते, तिचा पाला लवकर कुजतो. तेव्हा पीक वाढावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ओळींच्या जवळचे पीक खुरटले. हे सावलीमुळे झाले की मुळांमुळे, हे पाहण्यासाठी संशोधकांनी झाड आणि पीक यांच्यामध्ये जमिनीत प्लॅस्टिकचा पडदा उभा गाडला. पडदा घातला तेथे पिकाचे नुकसान टळले. अर्थात मुख्य भांडण जमिनीवर उन्हासाठी नव्हते, जमिनीखाली ओलाव्यासाठी होते. हीच ओळींची पद्धत अधिक पावसाच्या पश्चिम आफ्रिकेत प्रथम पुढे आली होती. एका प्रदेशात चालणारी युक्ती दुसऱ्यात जशीच्या तशी चालत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

दुसरा खर्च उन्हाचा. दाट सावलीत मोहरी फुलत नाही. येथे निसर्गाने काही झाडांस मोठी सोयीची वागणूक दिली आहे. पश्चिम आफ्रिकेतील सेनेगल, नायजर आदी देशांत पांढऱ्या सालीचे एक बाभूळवर्गीय झाड शेतांत राखतात. शास्त्रज्ञ त्यास फैदर्बिया म्हणतात. हे झाड पावसाळ्यात, म्हणजे नेमके पिकाच्या हंगामात, पाने टाकते आणि उन्हाळ्यात हिरवे होते. त्यामुळे पिकास ऊनही मिळते आणि खतही मिळते. नायजरमध्ये १९८० च्या दशकापासून शेतकऱ्यांनी आपोआप उगवलेले कोंब राखून सुमारे ५० लाख हेक्टर क्षेत्रावर झाडे पुन्हा उभी केली, असे सांगतात. आपली शमी तशी पाने टाकत नाही. परंतु तिचा विस्तार विरळ असतो, आणि राजस्थानातील शेतकरी हिवाळ्यात तिच्या फांद्या छाटून पाला जनावरांस घालतो. त्यामुळे रब्बीच्या पिकास ऊन मोकळे होते.

तिसरा खर्च म्हणजे वाहून नेलेल्या मालाचा. लाकूड, पाला व शेंगा शेताबाहेर गेल्या की त्यांतील द्रव्येही गेली. पाला खाल्लेल्या गुराचे शेण शेतात परत आले तर हिशेब थोडाफार जुळतो. त्या शेणाच्या गोवऱ्या होऊन चुलीत गेल्या तर बहुतेक नायट्रोजन धुराबरोबर गेला असे समजावे.

चौथी गोष्ट पानांच्या जातीची. ज्या पानांत नायट्रोजन भरपूर असतो ती लवकर कुजतात आणि पिकास अन्न देतात. नीलगिरीसारख्या झाडांची चिवट, तेलकट पाने फार सावकाश कुजतात. त्यांना कुजविणारे जीवाणू प्रारंभी मातीतीलच नायट्रोजन वापरतात. त्यामुळे पाचोळ्याचा ढीग दिसला म्हणजे जमीन सुपीक झाली, असे नव्हे.

पुरावा कसा पारखावा?

येथे एक शंका घेणे आवश्यक आहे. राजस्थानच्या शेतांत १९६० च्या दशकापासून झालेल्या मृदापरीक्षणांत खेजडीखालची माती उघड्या शेतातील मातीपेक्षा सेंद्रिय द्रव्याने व नायट्रोजनाने समृद्ध आढळली. यावरून झाडाने माती सुधारली, असा निष्कर्ष आपण काढू. पण उलटेही खरे असू शकेल: जेथे माती मुळातच चांगली होती, तेथेच बी रुजले आणि झाड जगले असेल. आपोआप उगवलेल्या झाडाकडे पाहून या दोहोंतील खरे कोणते, ते ठरविता येत नाही.

म्हणूनच लावलेल्या झाडांस शास्त्रात विशेष महत्त्व आहे. मनुष्य झाडे ओळीने, मोजून, स्वतः निवडलेल्या जागी लावतो. लावण्यापूर्वीच्या मातीचे परीक्षण करून ठेवता येते. शेजारी झाडाविना तसाच तुकडा राखता येतो. आणि दहा-वीस वर्षांनी दोहोंची तुलना करता येते. अशा तुलनेतून कर्नाल येथील क्षारभूमी संशोधन संस्थेच्या कामाने, जी १९६९ साली स्थापन झाली, एक गोष्ट निःसंशय दाखवून दिली. उसर, म्हणजे सोडियमामुळे घट्ट व अल्कधर्मी झालेल्या जमिनीत विलायती बाभळीसारखी झाडे खड्डे करून लावली असता कालांतराने मातीचा अल्कधर्म उतरतो आणि पाणी मुरू लागते. मुळांच्या श्वसनातून निघालेला कार्बन डायऑक्साइड मातीतील चुनखडी विरघळवितो. त्यातून सुटलेले कॅल्शियम सोडियमाची जागा घेते, आणि पाऊस तो सोडियम खाली धुऊन नेतो. ग्वाल्हेर, मुरैना व भिंड या जिल्ह्यांतही उसर जमिनीचे तुकडे आहेत, म्हणून ही माहिती आपल्या उपयोगाची आहे.

चंबळेचा धडा

चंबळेचे नाव मराठी माणसास इतिहासामुळे परिचित आहे. १७६० साली सदाशिवरावभाऊंची सेना हीच नदी ओलांडून उत्तरेस गेली. महूजवळ उगम पावून सुमारे ९६० किलोमीटर वाहत जाऊन ती यमुनेस मिळते. तिच्या काठची माती खोल, मऊ गाळाची आहे आणि नदीचे पात्र आजूबाजूच्या शेतांपेक्षा पुष्कळ खाली आहे. त्यामुळे पावसाळ्यात शेतांवरून धावणारे पाणी काठावरून खाली कोसळते, माती कापते, आणि घळीचे तोंड मागे मागे, शेताच्या दिशेने सरकत जाते. या घळींच्या जाळ्यास येथील लोक बेहड म्हणतात. साऱ्या भारतात अशी भूमी ३५ ते ४० लाख हेक्टरांच्या दरम्यान असल्याचे अंदाज आहेत. आज जो मोहरीचा मळा आहे, तो उद्या घळीचा काठ आणि परवा घळीचा तळ होतो. ज्या कुटुंबाची जमीन गेली, त्यास ती कोणीही परत आणून देऊ शकत नाही.

या संकटावर उपाय शोधण्यासाठी १९५० च्या दशकात कोटा, वासद व आग्रा येथे संशोधन केंद्रे निघाली. आपल्या भागात १९८० च्या दशकाच्या आरंभी विमानांतून विलायती बाभळीचे बी बेहडांवर टाकण्यात आले. मूळच्या अमेरिका खंडातील या काटेरी झाडाने ओसाड घळी हिरव्या केल्या, गावांस जळण दिले, आणि पुष्कळ ठिकाणी तिच्या खालच्या मातीत सेंद्रिय कर्बही वाढला. मातीच्या वहीत ही जमा प्रामाणिकपणे लिहिली पाहिजे.

परंतु खर्चही तितकाच खरा आहे. हे झाड फार दाट वाढते, त्याच्या खाली गवत नीट येत नाही, देशी झाडांची रोपे मागे पडतात, आणि शेंगा खाणाऱ्या गुरांच्या शेणावाटे त्याचे बी शेतांत व कुरणांत पसरते. गवत नाहीसे होणे ही किरकोळ बाब नव्हे. पावसाचा थेंब आठ-दहा मीटर उंचीच्या पानांवरून ठिबकला, तर जमिनीवर पोहोचेपर्यंत तो पुन्हा जवळजवळ पूर्ण वेग घेतो. खाली गवत किंवा पाचोळा असेल तर तो आघात त्यावर होतो. नसेल तर उघड्या मातीवर होतो. माती खरोखर धरून ठेवतो तो गवताचा गालिचा. झाड त्याचा सोबती आहे, पर्याय नव्हे. म्हणून बेहडाच्या काठी प्रथम बांध घालून शेताचे पाणी अडवावे, घळीच्या तोंडाशी गवत वाढवावे, आणि मग झाडे लावावी, हाच क्रम योग्य ठरतो. घळी यंत्राने सपाट करून लगेच नांगर धरला, तर सैल झालेली माती पुढच्या पावसात पुन्हा वाटेस लागण्याचा धोका राहतो.

झाडे किती असावीत, या प्रश्नासही आता थोडेसे उत्तर मिळू लागले आहे. पश्चिम आफ्रिकेतील बुर्किना फासो देशात झालेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, मुळीच झाडे नसलेल्या जागी पाणी मुरत नाही, फार दाट झाडे असल्यास मुरलेले पाणी तीच पिऊन टाकतात, आणि मध्यम अंतरावर झाडे असल्यास भूजलात सर्वाधिक भर पडते. माळाने हजारो वर्षे जे अंतर राखले, त्याचीच ही एका अर्थी साक्ष होय.

आपण काय करू शकतो?

विज्ञान वाचून संपत नाही, ते करून पाहावे लागते. यास्तव विद्यार्थी मित्रांस आम्ही एक सोपा अभ्यास सुचवितो. गावाबाहेरच्या शेतात, मालकाची परवानगी घेऊन, एकाच जातीची व साधारण सारख्या वयाची पाच झाडे निवडावी. प्रत्येक झाडाजवळ तीन जागा ठरवाव्या: बुंध्यापासून एक मीटरावर, विस्ताराच्या कडेशी, आणि झाडापासून दूर उघड्या शेतात. प्रत्येक जागी पुढील गोष्टी मोजून वहीत लिहाव्या.

१. दुपारी दोन वाजता पाच सेंटिमीटर खोलीवरील मातीचे तापमान.

२. दोन्ही तोंडे उघडी असलेला पत्र्याचा डबा जमिनीत थोडा ठोकून त्यात एक लिटर पाणी ओतावे व ते मुरण्यास लागलेला वेळ घड्याळात पाहावा.

३. एक वीत लांब, एक वीत रुंद व एक वीत खोल खड्ड्यातील मातीत सापडलेली गांडुळे व इतर कृमी.

४. मातीचे एक ढेकूळ पेल्यातील पाण्यात अलगद सोडावे. ते लगेच विरघळते की आकार राखते, ते पाहावे. सेंद्रिय द्रव्य असलेले ढेकूळ सहसा लवकर फुटत नाही.

५. मृदापरीक्षण केंद्रात पाठविण्यासाठी प्रत्येक जागेचा अर्धा किलोग्रॅम नमुना.

याबरोबर शेतकऱ्यास दोन प्रश्न अवश्य विचारावे: झाड लावलेले आहे की आपोआप उगवलेले? आणि दुपारी त्याखाली गुरे बसतात काय? या दोन उत्तरांवाचून वरील सर्व आकडे मुके राहतील, हे आता वाचकांस सांगावयास नको. एकाच झाडावरून निष्कर्ष काढू नये, आणि अपेक्षेविरुद्ध आलेला आकडा पुसून टाकू नये. बहुधा त्याच आकड्यातून काही शिकावयास मिळते.

उपसंहार

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. शमीच्या पानात सोने आहे. परंतु ते पान झाडाखाली कुजले तर. झाड हवेतून आणि खोल भूमीतून द्रव्य मिळविते, माती थंड ठेवते, पाण्यास वाट करून देते. आणि त्याच वेळी पाणी, ऊन व जागा यांचे मोलही घेते. कोरड्या मुलखात विरळ विस्ताराचे, खोल मुळांचे, देशी झाड योग्य अंतरावर लावून त्याचा पाला शेतातच राहू दिला, तर जमा खर्चाहून अधिक होते. झाड चुकीचे निवडले, दाट लावले किंवा पाला जाळला, तर तीच वही तोट्यात जाते.

आपल्या शाळेतून दरवर्षी रोपे लावली जातात. त्यांची संख्या आपण अभिमानाने मोजतो. आमची विनंती इतकीच की, रोप लावण्यापूर्वी त्या जागेची मूठभर माती एका बाटलीत भरून, तीवर स्थळ व तारीख लिहून, शाळेच्या प्रयोगशाळेत जपून ठेवावी. आज जे विद्यार्थी पाचवीत आहेत ते शाळा सोडून जातील, पण बाटली राहील. पुढे दहा वर्षांनी कोणी जिज्ञासू विद्यार्थी त्याच जागेची माती खणून दोहोंची तुलना करील, तेव्हा झाडाने जमिनीस काय दिले आणि तिच्याकडून काय घेतले, याचे उत्तर त्यास भाषणांत शोधावे लागणार नाही.